सादळलेल्या कागदाचा महिना

जुलैत गुहागरला यायला निघाले तेव्हा योकोहामातल्या आमच्या शेजारच्या आजींनी दारातच एक पाकीट हातात दिलं. १५ सेंटिमीटरचे चौकोनी कागद, एक बाजू रंगीत, एक पांढरी. महिनाभर रोज एक ओरिगामी, म्हणजे कागदाला घड्या घालून केलेली वस्तू, करायची, चुकवायचं नाही, एवढंच म्हणाल्या.

या आजींबद्दल मला खरंच लिहायचं होतं. वय ऐंशीच्या पुढे, जिना चढताना कठडा धरतात, पण कागदाचा कोपरा केसभर सरकलेला त्यांना लांबून दिसतो. गेल्या वर्षी मी पहिला त्सुरु म्हणजे क्रेन पक्षी केला, हौसेने दाखवायला नेला, तर त्यांनी काही न बोलता तो अख्खा उलगडला, तळव्याने सपाट केला आणि माझ्यासमोर ठेवला. मला इतका राग आला! भेट म्हणून नेलेली वस्तू कोण असं मोडतं? पण परत करायला बसले तेव्हा कळलं की पहिल्या कर्णाच्या घडीत चूक राहिली की ती पुढच्या प्रत्येक घडीत वाढत जाते, आणि मान काढायच्या वेळी टोकाला कागदाचे इतके थर होतात की वाकडी घडी तिथे हमखास फाटते. कोपऱ्याला कोपरा लावायचा, धरून ठेवायचा, मगच नखाने घडी दाबायची. घाई नाहीच. आता मीही तसंच करते.

तर इथे पहिल्याच दिवशी पडवीत बसून केलेल्या त्सुरुची मान सकाळपर्यंत खाली पडलेली. कागद सादळला होता. जपानलाही जूनमध्ये पाऊस असतो, त्सुयु म्हणतात, पण तो आपल्या पावसासारखा घरात शिरत नाही हो, इथे अंथरूण दमट, मीठ पाणावलेलं, काडेपेटी पेटत नाही. आई म्हणाली, "अगो, इथे पापड टिकत नाहीत, तुझा कागद काय टिकणार!" आणि तिने पाकीट पापडाच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं. डब्यात कागद मस्त कडक राहायचा, पण बाहेर काढून दहा मिनिटं झाली की परत मऊ.

अकिरा योशिझावा (१९११-२००५) म्हणून ओरिगामीतले फार मोठे कलाकार, ते जाड कागद मुद्दाम ओलसर करून घडायचे, म्हणजे त्याला गोलाई देता येते आणि वाळल्यावर कागदातल्या खळीमुळे आकार धरून राहतो. मला वाटलं आपल्याकडे तर ओल फुकट आहे! ड्रॉइंगच्या कागदाचा ससा केला, सुंदर झाला, पण वाळेना. दोन दिवस चुलीवरच्या फळीवर ठेवला तेव्हा कुठे कान उभे राहिले. माझ्या मोजणीतल्या १२ व्या आणि १३ व्या दिवशी लाइटच नव्हते, म्हणून १४ व्या दिवशी तीन केले. ते मी धरलेत आणि ते बरोबरच आहे, आजींच्या घरचे लाइट कधी दोन दिवस गेलेले नाहीत.

मामा म्हणाला, एवढ्या लांब जाऊन कागद मोडायला शिकलीस? तेव्हा वाईट वाटलं. पण नागपंचमीला आईला पातोळ्या करताना बघत होते. हळदीचं पान, शिरेच्या एका बाजूला पीठ सारवलेलं, वर चुन म्हणजे गूळ-खोबऱ्याचं सारण, मग पान शिरेवर दुमडून कडेला कड, टोकाला टोक, आणि बोटाने अलगद दाबत शेवटपर्यंत. एकही पान सरकलेलं नाही. मी हे लहानपणापासून बघतेय आणि जपानला जाऊन शिस्तीचं कौतुक करतेय, आपल्याकडे चालतंय-चालतंय असतं असं दहा जणांना सांगूनही झालंय. ते मी आता म्हणणार नाही. निदान आमच्या स्वयंपाकघराबद्दल तरी नाही.

त्याच संध्याकाळी आईला कागद दिला. हात पुसून बसली, कर्णाची घडी पहिल्याच फटक्यात अचूक. पाकळीच्या घडीला अडली, तिथे मी हात धरला. शेपटी थोडी जाड झालीय आणि एका पंखाला हळदीचं बोट लागलंय.

३१ ओरिगामी पूर्ण झाल्या. आईचा त्सुरु पापडाच्या डब्यात घालून आजींसाठी नेतेय. त्यांनी तो उलगडायला घेतला तर मी पहिल्यांदाच त्यांना नको म्हणणार आहे.