दुसरा चान्स

आपल्याकडे मूल होऊ देण्याला ‘चान्स घेणे’ म्हणतात. ‘मग दुसरा चान्स कधी?’ हा प्रश्न मला गेल्या चार वर्षांत लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासून पडलेली असतानाही विचारण्यात आला आहे. विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसते. एकाला एक असावे, भाऊबीजेला ओवाळायला कुणीतरी असावे, एवढेच त्यांना सुचवायचे असते. त्या शब्दात जो जुगार दडलेला आहे तो फक्त आम्हा नवराबायकोलाच ऐकू येतो, आणि त्याविषयी आम्ही दोघेही कित्येक वर्षे एकमेकांशी काही बोललो नव्हतो.

२७ जानेवारी २०२० रोजी, गरोदरपणाच्या एकतिसाव्या आठवड्यात, मला झटके आले. त्या दुपारी मी मटार सोलत होते. परातीतल्या दाण्यांवर पडलेले ऊन मला आठवते, आणि त्यानंतरची आठवण थेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळची आहे: एक सिस्टर माझ्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारत होत्या आणि पाय उडाला की समाधानाने कागदावर काहीतरी टिपून ठेवत होत्या. मधले तीसएक तास माझ्याजवळ नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या घरातून दवाखान्यात नेणे, तिथून रुग्णवाहिकेने पुण्याला हलवणे, वाटेत आलेला दुसरा झटका, रात्री झालेले सिझेरियन आणि माझ्या लेकीचा जन्म, यातले काहीही मी पाहिलेले नाही. झटक्यांनंतर अशी स्मृती पुसली जाते, ती परत येईलच असे नाही, असे नंतर डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा मला ते वरदानच वाटले होते.

आजाराचे नाव प्रीएक्लॅम्प्सिया, आणि झटके आले की एक्लॅम्प्सिया. वार, म्हणजे बाळाला पोसणारा अवयव, गर्भाशयात रुजत असताना तिथल्या रक्तवाहिन्या जेवढ्या रुंदावायला हव्यात तेवढ्या रुंदावत नाहीत, आणि त्याचे परिणाम पुढे कित्येक आठवड्यांनी आईच्या रक्तदाबावर, मूत्रपिंडावर, यकृतावर आणि मेंदूवर दिसू लागतात. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली की डॉक्टर सावध होतात. खरा उपाय एकच, तो म्हणजे बाळ आणि वार बाहेर काढणे. बाळ किती आठवड्यांचे आहे याची वाट आजार पाहत नाही.

संक्रांतीला माझे डोहाळजेवण झाले होते. काळी साडी आणि हलव्याचे दागिने घातलेला माझा एक फोटो आहे, त्यात माझा चेहरा अगदी भरलेला दिसतो. सगळ्या बायका म्हणाल्या की तेज आले आहे, मुलगीच होणार. मुलगी झाली हे खरे, पण ते तेज नव्हते, सूज होती. जोडवी बोटांत रुतत होती, डोके ठणकत होते, आणि छातीच्या खाली उजव्या बाजूला जे दुखत होते त्यावर मी तिळाच्या लाडवांना दोष देऊन पित्ताची गोळी घेत होते. आठवड्याची तपासणी मीच पुढे ढकलली, कारण घरात पाहुणे होते. हे मी कुणाला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. मात्र गरोदर बाईचे डोके सतत दुखत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ येत असेल, तर तिने पित्ताची गोळी शोधण्याआधी रक्तदाब मोजून घ्यावा, एवढे या निमित्ताने सांगून ठेवते.

हातोडीचा अर्थ मला नंतर कळला. झटके थांबवण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. हे जुने आणि स्वस्त औषध आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय या अभ्यासात ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि या औषधामुळे झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे त्यात दिसले. परंतु अंगात ते जास्त झाले तर आधी गुडघ्याची प्रतिक्रिया जाते आणि मग श्वास मंदावतो. म्हणून प्रत्येक डोसाआधी हातोडी, श्वासांची मोजणी आणि लघवीचे माप. म्हणजे माझा पाय उडत होता याचा अर्थ पुढचे इंजेक्शन देता येणार होते, आणि ते इंजेक्शन कमरेत असे काही दुखायचे की पाय उडू नये अशी माझी इच्छा असे.

लेक १२८० ग्रॅमची होती. अडतीस दिवस ती अतिदक्षता विभागात राहिली. सुरुवातीला नळीतून आणि मग बोंडल्याने दूध, नेत्रपटलाची तपासणी, आणि दिवसातले कित्येक तास माझ्या किंवा नवऱ्याच्या उघड्या छातीवर कापडाने बांधून ठेवणे, ज्याला कांगारू पद्धत म्हणतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घरी आलो आणि तिसऱ्या आठवड्यानंतर सगळा देशच घरी बसला. तिला पाहायला कुणी येऊ शकले नाही, याचे मला मनातून फार बरे वाटले होते. आज ती पाच वर्षांची आहे, घसा फोडून गाते, आणि सातमासी म्हणून तिच्यात काही उणे शोधणाऱ्यांची तिने पूर्ण निराशा केली आहे.

दुसऱ्या मुलाची इच्छा लोकांनी विचारल्यामुळे झाली नाही, माझी मला झाली. लेक चार वर्षांची झाल्यावर एका मैत्रिणीच्या बारशाला गेले होते. पाळण्यातले बाळ मी पाहिले न पाहिले, पण मैत्रीण सहज म्हणाली की नववा महिना सरता सरेना, कूस बदलणेसुद्धा नकोसे झाले होते, आणि तिच्या त्या तक्रारीचा मला एवढा हेवा वाटला की मी पेढा हातात धरून बाहेर ओट्यावर येऊन बसले. त्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले की आपण निदान एकदा डॉक्टरांना विचारून येऊ. तो ‘बघू’ म्हणाला. हे ‘बघू’ सात महिने टिकले.

शेवटी पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन अशा दोघांची वेळ घेतली. बरोबर जुने डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद नेली. हे कागद जपून ठेवावेत, कारण पुढच्या बाळंतपणाचे अर्धे उत्तर त्यांतच असते. माझा आत्ताचा रक्तदाब, मूत्रपिंडाची स्थिती, लघवीतली प्रथिने, रक्त गोठण्याशी संबंधित अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे असे सगळे पाहण्यात आले. ही प्रतिपिंडे आढळली तर बारा आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते. माझ्यात ती आढळली नाहीत. रक्तदाब मात्र काठावर निघाला. हा आजार होऊन गेलेल्या स्त्रीला पुढच्या आयुष्यात रक्तदाबाचा आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, आणखी मूल होवो अथवा न होवो, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी नीट बसून सांगितले.

मग आकडे आले. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रीएक्लॅम्प्सिया पुन्हा होण्याची शक्यता एकूण सोळा टक्क्यांपर्यंत असते, पण आधीचे बाळ २८ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान जन्मलेले असेल तर ती सुमारे ३३ टक्के होते. बाराव्या आठवड्याच्या सुमारास रोज रात्री अ‍ॅस्पिरिनची लहान मात्रा सुरू केली तर धोका कमी करता येतो. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात अधिक धोका असलेल्या स्त्रियांना रोज १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्यावर, हा आजार होऊन मुदतीपूर्वी प्रसूती होण्याचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले होते. कॅल्शियम, घरी रक्तदाब मोजणे, वरचेवर सोनोग्राफी, जवळ चांगले नवजात अतिदक्षता केंद्र असलेल्या गावी राहणे हे सगळे त्याबरोबर आलेच. डॉक्टरांनी ‘नको’ म्हटले नाही आणि ‘काही होत नाही’ असेही म्हटले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्यानंतर त्यांनी ऑपरेशनची नोंद वाचली. एकतिसाव्या आठवड्यात गर्भाशयाचा खालचा भाग पुरेसा तयार झालेला नसल्यामुळे माझा छेद नेहमीसारखा खाली आडवा न घेता वरच्या भागात उभा घ्यावा लागला होता. असा व्रण कळांच्या ताणाने, क्वचित कळांच्या आधीही, उसवू शकतो, म्हणून पुढच्या वेळी कळा सुरू होण्यापूर्वीच, साधारण छत्तीस ते सदतीस आठवड्यांत सिझेरियन करावे लागते. हे ऐकताना मला मैत्रिणीचा न सरणारा नववा महिना आठवला. मला मूल हवे होते की तो महिना हवा होता, हा प्रश्न मी स्वतःला तोवर विचारलाच नव्हता. तो महिना तर आता कुठल्याच वाटेने मिळणार नव्हता.

पुण्याला जाताना आम्ही खंबाटकी घाटाच्या बोगद्यातून गेलो होतो. बोगदा लागला की नवरा रेडिओ बंद करतो आणि बोलणे थांबवतो, हे मी पाच वर्षे पाहत आले आहे आणि ती त्याची गाडी चालवण्याची सवय समजत आले आहे. येताना रस्ता घाटातून होता. घाट उतरल्यावर त्याने चहासाठी गाडी थांबवली आणि चहा न मागवताच बोलायला सुरुवात केली. दुसरा झटका त्या बोगद्यात आला होता. आतल्या पिवळ्या दिव्यांच्या उजेडात माझा चेहरा निळा आहे की तो उजेडच तसा आहे, हे त्याला कळेना. पुढे पुण्यात ऑपरेशनला नेताना सिस्टरांनी माझे दागिने उतरवले, रुतलेली जोडवी कापून काढली, आणि एका कागदाच्या पुडीत घालून त्याच्या हातात दिली.

“त्यात मंगळसूत्र होतं,” तो म्हणाला. “मोजून घ्या, म्हणाल्या, आणि सही घेतली.”

ऑपरेशनपूर्वी सगळ्यांचेच दागिने उतरवून नातेवाइकांकडे देतात, हे त्यालाही ठाऊक आहे. ती पुडी शर्टाच्या खिशात ठेवून तो रात्रभर जिन्यात बसला होता. मी जिच्याविषयी ‘मला त्याचे काही वाटत नाही’ असे म्हणत होते, ती रात्र अशी त्याच्याकडे होती. माझ्यापाशी भीती नव्हती, कारण ती सगळी त्याच्या वाट्याला आली होती, आणि मी मात्र माझ्या निर्भयपणाला धैर्य समजून त्याच्यापुढे आकडे मांडत होते.

मी त्याला विचारले, “मग तू नाही का म्हणाला नाहीस?”

“तुझं शरीर आहे,” तो म्हणाला. “मी कोण नाही म्हणणार?”

त्यानंतर दोन महिने आम्ही पुष्कळ बोललो. सगळे इथे लिहीत नाही. माझ्या जागी असलेल्या दुसऱ्या एखादीने याच आकड्यांवरून ‘हो’ म्हटले तर मी तिला वेडी म्हणणार नाही, तिच्याबरोबर रक्तदाब मोजायला जाईन. आम्ही ‘नाही’ ठरवले. तेहतीस टक्के मला फार वाटले म्हणून नव्हे, तर उरलेल्या सदुसष्ट टक्क्यांतसुद्धा त्याला छत्तीस आठवडे त्या जिन्यात बसावे लागणार होते म्हणून.

सासूबाईंना सांगायचे धाडस मला होईना. भाऊबीजेचा विषय सर्वांत जास्त त्याच काढत असत. नवऱ्यानेच सांगितले, आणि आपण स्वतः नसबंदी करून घेणार असल्याचेही त्याच दमात सांगून टाकले. देशात २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांच्या नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांच्या नसबंदीचे ०.३ टक्के आढळले होते, तेव्हा आमच्या गल्लीत तो बहुधा पहिलाच असावा. सासूबाई बराच वेळ गवार मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, “तिच्या पोटावर परत सुरी नको. तुझं तू करून घे. आणि दोन दिवस गाडीवर बसू नकोस.”

बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेला अर्धा तासही लागला नाही. मात्र त्यानंतर लगेच निर्धास्त होता येत नाही, तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करून खात्री करावी लागते. तोपर्यंत गर्भनिरोधासाठी बसवलेली माझी तांबी तशीच राहील. तपासणीची तारीख सासूबाईंनी कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहिली आहे, गॅस सिलिंडरच्या नोंदीखाली, आणि कुणी विचारलेच तर ती ‘त्याच्या दाढेची’ आहे असे सांगायचे त्यांनी ठरवले आहे.