आडनाव आधी

सोसायटीतल्या झाडांना पाट्या लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण काय तर माझं अक्षर बरं आहे. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध कोथिंबीर निवडण्यापुरता. पत्र्याचे तुकडे, रंगाचा डबा आणि शास्त्रीय नावांची यादी घेऊन गॅलरीत बसले.

तिसऱ्या पाटीला ट्यूब पेटली. ही तर शाळेच्या हजेरीपटातली पद्धत! आडनाव आधी, नाव मागून. आणि आडनावं खरंच माणसांची. आपलं राज्यफूल ताम्हण, ते 'लागरस्ट्रोमिया' झालं लागरस्ट्रोम नावाच्या स्वीडिश व्यापाऱ्यावरून. नावांची ही पद्धत रुळवणारा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस, त्याचा हा मित्र त्याला पूर्वेकडची रोपं मिळवून द्यायचा. मैत्रीची फेड इतकी जांभळी क्वचितच होत असेल.

देवचाफ्याच्या 'प्लुमेरिया'त शार्ल प्लुमिए हा फ्रेंच संन्यासी आहे. या बाबाने स्वतःही नावं सढळ हाताने वाटली. फ्रान्समधल्या माँपेलिएचा वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मान्योल त्याच्यामुळेच 'मॅग्नोलिया' झाला. सोनचाफा आधी इटलीच्या वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेलींकडे होता, 'मिशेलिया चंपाका'. पुढे शास्त्रज्ञांनी त्याला मॅग्नोलियांत घातलं. आडनाव गेलं, 'चंपाका' राहिलं. माझ्या आईचं लग्नात नावही बदललं होतं, त्यामानाने सोनचाफा थोडक्यात सुटला.

माझा जीव मात्र आपट्यात अडकला. 'बाउहिनिया रेसिमोसा'. योहान आणि गास्पार बाउहिन, स्वित्झर्लंडमधल्या बाझलचे सख्खे भाऊ. दोघेही डॉक्टर, दोघेही झाडांपायी वेडे. धाकट्याने १६२३ साली सुमारे सहा हजार वनस्पतींची सूची छापली. लिनियसने म्हटलंय की हे नाव पानाला शोभतं, एकाच बुडातून निघालेली जणू दोन पानं.

मी खाली जाऊन एक पान तोडून आणलं. धूळ पुसली, मधल्या शिरेवर दुमडलं. दोन्ही पाळ्या एकमेकींवर चपखल बसल्या. 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हणत इतकी वर्षं मी हे भाऊ लोकांच्या हातात कोंबत आले, आणि आतून त्यांची ओळखसुद्धा नाही!

पाटीवर 'आपटा' ठळक लिहिलं, बाउहिन बंधू खाली बारीक अक्षरात. तळमजल्यावरचे दोन भाऊ पार्किंगवरून चार महिने बोलत नाहीत. पाटी जरा वळवून ठोकली, त्यांच्या खिडकीतून नीट वाचता येईल अशी.