जुना सेन्सर पिशवीत होता

पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक आमच्या सांगलीच्या गॅरेजात आले. गाडी १.८ लिटर पेट्रोलची. "सिग्नलला बंद पडते हो. बायकोला आठवड्यातून दोनदा मिरजेला दवाखान्यात न्यायचं असतं, जीव टांगणीला लागतो." दुसऱ्या एका ठिकाणी एअर फ्लो सेन्सर बदलून झाला होता. चार दिवसांत चेक इंजिनचा दिवा परत लागला. जुना सेन्सर त्यांनी पिशवीत जपून ठेवला होता.

स्कॅनर लावला. कोड पी०१७१, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. हा कोड दिसला की पुष्कळ जण डोळे झाकून सेन्सर बदलतात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. गिऱ्हाइकाच्या खिशातले हजारो रुपये असतात ते. या सेन्सरमध्ये एक बारीक तार गरम ठेवलेली असते. हवा तिला गार करते, आणि ती तेवढीच गरम राखायला किती करंट लागतो त्यावरून हवा मोजली जाते. तारेवर धूळ बसली की हवा कमी मोजली जाते, आणि इंजिन जितकी जास्त हवा ओढेल तितकी ही चूक सहसा वाढत जाते.

इथं उलटं होतं. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, सेकंदाला २.१ ग्रॅम हवा. फ्यूएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलात करत असलेली दुरुस्ती, अधिक २४ टक्के. २५०० आरपीएमला ट्रिम उतरून ६ वर. तेव्हाच मनात आलं, सेन्सर निर्दोष आहे. त्याच्या पुढे कुठून तरी हवा आत शिरतेय. आयडलला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम जास्त, म्हणून तिथं ती जाणवते. रेस केल्यावर एकूण हवेत ती काहीच नाही.

बॉनेट उघडून कान दिला. मॅनिफोल्डच्या खालून बारीक 'सूं' येत होतं. आरसा आणि टॉर्च घेऊन बघितलं, तर पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनातले तेलकट वायू परत मॅनिफोल्डमध्ये नेणाऱ्या, रबरी पाइपचा कोपरा वरून धडधाकट, खालून तेलानं फुगलेला, आणि त्यात नखाएवढी चीर. बोट दाबलं. इंजिन एकदा अडखळलं आणि एकसारखं चालायला लागलं. बोट काढलं, परत गचके. सरांना जवळ बोलावून पुन्हा करून दाखवलं.

पाइप बदलला, कोड पुसला, अर्धा तास फिरवून आणली. आयडलला २.८ ग्रॅम, ट्रिम ३. मग नवा सेन्सर काढून पिशवीतला जुना बसवला. तोही २.८.

सर स्क्रीनकडे बघत राहिले. "म्हणजे हा बिघडलाच नव्हता?"

"नाही सर."

जुनाच राहू दिला. नवा पिशवीत घालून त्यांच्या हातात दिला.