तू होतीस का तिथे?

गोव्यात केप्याला येऊन आज चौथा दिवस. पाऊस असा की सोप्यावरून अंगणातली तुळस दिसत नाही, वीज कालपासून गेलेली, लॅपटॉपची बॅटरी निम्म्यावर. तेवढ्यात हे लिहून टाकते. काल रात्री जेवताना लेकीने माझ्या आईला एक प्रश्न विचारला आणि जून महिनाभर तिकडे अमेरिकेत जे गिळत होते ते सगळं वर आलं.

आमची शेजारीण तुम्हाला ठाऊक आहे. बर्फाच्या पोस्टमधली. मी रात्रपाळी आटोपून यायच्या आत आमच्या दारातला बर्फ फावड्याने ओढून ठेवते ती. नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा अकरा दिवस रोज डबा आणून दिला, आणि पहिल्या डब्याआधी "तुमच्याकडे काय चालतं, काय नाही" हे कागदावर लिहून घेतलं. इतकी वर्षं तिकडे काढली, असं विचारणारी हीच पहिली. हे आधी सांगतेय, कारण पुढे मी तिच्यावर चिडणार आहे.

शाळेच्या सुट्टीत तिच्या चर्चचं मुलांसाठी बायबल शिबिर होतं. आठवडाभर, रोज नऊ ते बारा, फुकट, वर खाऊ. आम्ही दोघं नोकरीवर, सुट्टीतल्या पाळणाघरांचे दर ऐकून झोप उडालेली. ती म्हणाली, मी नेते नि आणते. मी लगेच हो म्हटलं. दहा वर्षं नन्सच्या शाळेत काढलेली मी, 'नमान मोरिये' ही मेरीची प्रार्थना अजून तोंडपाठ, फेस्ताचं जेवण जेवलेली. मला बायबलची कसली भीती?

गुरुवारी रात्री नवरा लेकीला लायब्ररीतलं डायनासोरचं पुस्तक वाचून दाखवत होता. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी उल्का पडली, अमुक झालं, तमुक झालं. लेकीने त्याला मध्येच थांबवलं.

"बाबा, तू होतास का तिथे?"

तो हसला. म्हणाला, नव्हतो. मग ती म्हणाली, "देव होता. आणि त्याने पुस्तकात लिहून ठेवलंय."

हा प्रश्न काही तिचा नाही, शिबिरातल्या ताईचाही नाही. तो केन हॅम यांचा. हे गृहस्थ मूळचे ऑस्ट्रेलियातले विज्ञानशिक्षक. कुणीही 'कोट्यवधी वर्षं' म्हटलं की नम्रपणे हा प्रश्न विचारा, असं ते मुलांना शिकवतात. नम्रपणे! या प्रश्नाने माझा इतका जीव खाल्ला की नवरा म्हणाला, आता पुरे. पण मला पुरे होईना. कारण तो प्रश्न नव्हेच, ते कुलूप आहे. चोरी झाली, पोलीस आले, बोटांचे ठसे मिळाले, आणि चोर म्हणतो, तुम्ही होता का तिथे? मी इस्पितळाच्या लॅबमध्ये जिवाणू वाढवते. रुग्णाच्या लघवीतून, जखमेतून आलेले जिवाणू थाळीतल्या जेलीवर पसरायचे, वर औषध मुरवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या, रात्रभर उबेत ठेवायचं. औषध लागू पडत असेल तर सकाळी टिकलीभोवती स्वच्छ गोल दिसतो, नसेल तर जिवाणू टिकलीला चिकटून वाढलेले असतात. एखाद्या म्हाताऱ्याच्या पहिल्या नमुन्यात मी मोठा गोल मोजलेला असतो. उपचार चालू असताना काही आठवड्यांनी पुन्हा नमुना येतो आणि त्याच औषधाभोवती गोल नसतोच. मरायचे ते मेले, चिवट उरले, त्यांचीच पिल्लावळ वाढली. याला निवड म्हणतात, आणि ती होते तेव्हा मी तिथे असते, हातात पट्टी घेऊन!

हे मी शेजारणीला सांगितलं, आवाज जरा चढवूनच. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण शेवटी तो जिवाणूच राहिला ना? मांजर तर नाही झाला?" लहान बदल त्यांना मान्य असतात. एका 'जाती'ची दुसरी होत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि आपल्या भांडणाची भरपाई म्हणून की काय, शनिवारी ती आम्हाला नोहाचं जहाज दाखवायला घेऊन गेली.

आमच्यापासून तासाभरावर, केंटकीतल्या विल्यम्सटाऊनला. आर्क एन्काउंटर, २०१६ साली उघडलं. कुचेष्टा करायच्या तयारीनेच गेले होते. पण माझे बाबा मेस्त होते, लाकडाच्या वासात वाढलेली मी, आत पाऊल टाकलं नि बोलती बंद. बायबलात जहाजाचं माप हातांत दिलंय: तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. त्या हिशेबाने ५१० फूट. कवेत न मावणारे खांब, वर तुळया, बांधणाऱ्यांत जुन्या पद्धतीने राहणाऱ्या आमिश पंथाचे सुतारही होते. एका सांध्यावरून मी बोटं फिरवत राहिले. बाबा असते तर त्यांनी आधी खाली वाकून बघितलं असतं. हातांत मोजलेलं जहाज त्यांना फुटांपेक्षा लवकर समजलं असतं.

आणि मग पिंजऱ्यात डायनासोर. जोडीजोडीने, पिल्लं. पृथ्वी साधारण सहा हजार वर्षांची धरल्यावर त्यांनाही जहाजात चढवावंच लागतं. हा हिशेब जुना आहे. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलातल्या वंशावळ्या जोडून जगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ असा काढला होता. पिढ्या मोजणं हे काम आपल्याकडचे भटजीही चोख करतात, पण जगाचं वय सांगायला बसले की ते युगांच्या लाखांत जातात. या एका बाबतीत आपण उदार, हे मी गाडीत नवऱ्याला ऐकवलं.

परतताना मी शेजारणीला म्हटलं, आमच्या गोव्यात ख्रिस्ती लोक चारशे वर्षांहून जास्त आहेत, त्यांना डार्विनचा त्रास होत नाही. ती म्हणाली, "अच्छा, कॅथलिक." त्या 'अच्छा'मध्ये काय होतं ते मला मराठीत आणता येत नाही. साधारण आपल्याकडे 'हां, ते होय' म्हणतात तसं.

मग मात्र मी सुटले. तिला सांगितलं की आठवीत आम्हाला सायन्स शिकवायला पाद्रीच होते. पांढऱ्या झग्याला खडूची भुकटी, फळ्यावर जिराफ. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं होतं, पाद्रीबाब, मग आदांवाचं काय? ते फळा पुसता पुसता म्हणाले, "परिक्षेंत आदांव बरयलो जाल्यार शून्य. आनी कुमसाराक येवन डार्विन सांगलो जाल्यार पेनितेंस." म्हणजे परीक्षेत आदाम लिहिलात तर शून्य, आणि कन्फेशनला येऊन डार्विन सांगितलात तर प्रायश्चित्त. वर्ग हसला, तास संपला. आनुवंशिकतेचे नियम मटारच्या वेलांवर शोधणारे मेंडेल मठातलेच. विश्वाचा आरंभ एका स्फोटासारखा झाला असावा हे मांडणारे लमेत्र बेल्जियमचे पाद्री. दुसरे जॉन पॉल पोप असताना १९९६ मध्ये म्हणाले की उत्क्रांती हा निव्वळ तर्क राहिलेला नाही. आणि तू ज्या किंग जेम्स बायबलवर हात ठेवतेस ते १६११ चं ना? आमच्या गोव्यातल्या साष्टीत थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने आदांव-एवेची सगळी कथा मराठी ओव्यांत रचली. क्रिस्तपुराण, छापलं १६१६ ला, दहा हजारांवर ओव्या.

ती खरंच चकित झाली. मी ओवीची चाल थोडी गुणगुणून दाखवली. हे सांगताना इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगिजांचं धर्मन्यायालय, मी गाळलं. १५६० ते १८१२. गोव्याबाहेरच्या माणसाला गोवा सांगताना ते नेहमीच गळतं.

वादात आपली बाजू पक्की म्हणून मी नंतर १९२५ चा टेनेसीतला खटला वाचायला घेतला. डेटन गाव, जॉन स्कोप्स नावाचा तरुण शिक्षक, माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असं शिकवायला बंदी करणारा कायदा, शंभर डॉलर दंड. कायदा १९६७ पर्यंत टिकला. वाटलं होतं, सरळ गोष्ट आहे, एकीकडे अडाणी, दुसरीकडे शहाणे. पण ज्या जीवशास्त्राच्या पुस्तकावरून खटला झाला त्यात माणसांचे पाच वंश दिलेले, आणि सगळ्यांत वरचा गोऱ्यांचा, हेही छापलेलं. 'निकस' घराण्यांची पैदास रोखावी असाही सल्ला. बायबलच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना जी भीती वाटत होती तिच्यात हेही होतं, दुबळ्यांना चिरडणं योग्य ठरवलं जाईल. आणि सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचेच होते, असा त्यांचा आग्रहसुद्धा नव्हता. माझी केप्याची सावळी लेक त्या पुस्तकाच्या वर्गात कुठल्या बाकावर बसली असती, हे मनात आलं नि मी पान मिटलं. शेजारणीला यातलं काही सांगितलं नाही. तिला आयती काठी कशाला द्या.

लेकीच्या शाळेच्या पुस्तकात मात्र उत्क्रांती व्यवस्थित आहे. तिकडच्या सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये सृष्टिनिर्मितीवाद सरकारी शाळांतल्या विज्ञानात शिकवायला लावणारा कायदा रद्द केला, २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका न्यायाधीशाने त्याचा 'इंटेलिजंट डिझाइन' हा नवा मुखवटाही ओळखला. म्हणून भांडण शिबिरात, म्युझियममध्ये, जेवणाच्या टेबलावर. निदान ते उघड भांडतात. आपल्याकडे २०१८ मध्ये केंद्रातले एक राज्यमंत्री म्हणाले की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी कधी पाहिलं नाही, म्हणजे तोच 'होता का तिथे'. आणि २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या धड्याचं नाव 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' होतं, त्यातली उत्क्रांती गेली, आनुवंशिकता राहिली. अठराशेच्या वर शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहिलं. माझ्या फॅमिली ग्रुपवर त्या आठवड्यात काय चाललं होतं, आंब्याचे भाव. मीही मानकुराद किती डझन ते विचारत होते.

दशावताराचंही कबूल करते. वादाच्या भरात मी शेजारणीला मत्स्य, कूर्म, वराह असा क्रम सांगून 'आमच्या ऋषींना आधीच माहीत होतं' असं म्हणून बसले. तिने भक्तिभावाने मान हलवली. नवरा रात्री म्हणाला, तिने जहाजात डायनासोर बसवले, तू मासा. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारीण आणि लेक घरामागच्या ओहोळात गेल्या. तिथला चुनखडक असा आहे की कुठलाही दगड उलटा, त्यात शिंपलेच शिंपले. पन्हळीदार, पंख्याच्या आकाराचे, थेट आपल्या खुब्यांसारखे, दगड होऊन गेलेले. सिनसिनाटीच्या आसपासचा सगळा प्रदेश म्हणजे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ, यासाठी तो जगात प्रसिद्ध आहे. तिने त्यातला मुठीएवढा दगड धुऊन, टिश्यूत गुंडाळून माझ्या हातात दिला. "तुझ्या आईला दे. नोहाच्या पुराची आठवण म्हणून सांग." मी थँक्यू म्हटलं. अकरा डबे आठवले.

तर काल रात्र. आई लेकीला परशुरामाची गोष्ट सांगत होती. बाण मारला, समुद्र हटला, बाणावलीला पडला, म्हणून हा गोवा. लेकीने घास खाली ठेवला.

"आजी, तू होतीस का तिथे?"

मी नवऱ्याकडे बघितलं. आई म्हणाली, "हांव खंय आसतलीं गो? म्हाका म्हजे आवयन सांगलें." म्हणजे तिला तिच्या आईने सांगितलं.

"आणि तिला?"

"जेव गो पयलीं. किसमूर मोव जाता."

जेवणं झाल्यावर मी दगड काढून आईला दिला. चष्मा लावून तिने तो कंदिलाजवळ धरला, नखाने एका शिंपल्याच्या पन्हळीवरून रेघ ओढली. "हो खंय मेळ्ळो?" मी म्हटलं, घराकडे न्हंय, म्हणजे नदी, आहे लहानशी, तिच्यात. "शाळिग्रामूय न्हंयंतलोच," ती म्हणाली आणि आत गेली.

आमच्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम पणजोबांच्या वेळचा. काळा, गुळगुळीत, एका बाजूला फुटून आत चक्र दिसतं. ते चक्र म्हणजे अ‍ॅमोनाइट, शंखात राहणारा समुद्री प्राणी. हिमालय उभा राहायच्या आधी तिथे समुद्र होता, त्यातला. गंडकीत सापडतो. हे मला कॉलेजात कळलं होतं आणि आजवर मी ते घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आज सकाळी बघितलं तर शाळिग्रामाच्या शेजारी ताम्हणात केंटकीचा दगड. न्हाऊन बसलेला, डोक्यावर तुळशीचं पान.

मघाशी शेजारणीचा मेसेज आला. आजींना दगड आवडला का? कुठला ते सांगितलंस ना? मी लिहिलं, खूप आवडला, देवाजवळ ठेवलाय. तिने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि तीन बदाम.

बॅटरी नऊ टक्के.