कृष्णेच्या पातळीचा प्रोग्रॅम : अनावश्यक कंपाइल टाळण्याच्या कामाची नोंद

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळील कृष्णेच्या पाणीपातळीचा आलेख काढणारा माझा सी++ मधील प्रोग्रॅम आता बराच वाढला आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांच्या वर गेले होते, म्हणून त्या नोंदी भरताना आलेखाची कमाल उंची 60 फूट केली, तर त्या एका आकड्यासाठी सगळ्याच फाइली पुन्हा कंपाइल झाल्या, म्हणजे यंत्राच्या भाषेत नव्याने रूपांतरित झाल्या. या टप्प्यात त्याचाच बंदोबस्त केला.

स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेले मेक हे बदललेल्या फाइलीच पुन्हा कंपाइल करवून प्रोग्रॅम बांधणारे (बिल्ड करणारे) साधन फाइलीच्या मजकुरात काय बदलले हे पाहत नाही, ते फक्त बदलाची वेळ पाहते. त्यामुळे हेडरमधील (अनेक फाइली समाविष्ट करतात अशा सामाईक घोषणांच्या फाइलीतील) टिप्पणीतला एखादा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला तरी सुक्याबरोबर ओलेही जळते. नेमके कशामुळे काय बनते आहे, हे ‘मेक --डीबग=बी’ स्पष्ट सांगते. त्यातून दोन हेडर पुढे आले.

पहिल्या हेडरमध्ये 40 फुटांची इशारा पातळी, 45 फुटांची धोका पातळी, आलेखाची उंची आणि रंगसुद्धा एकत्र होते, आणि प्रत्येक फाइल ते समाविष्ट करत होती. आता हेडरमध्ये ‘एक्स्टर्न कॉन्स्ट’ अशी केवळ घोषणा राहिली असून किमती एका सीपीपी फाइलीत गेल्या आहेत, त्यामुळे आकडा बदलल्यास ती एकच फाइल कंपाइल होते आणि मग लिंक होते, म्हणजे बाकीच्या तयार फाइलींशी जोडली जाते. अशी किंमत अ‍ॅरेच्या आकारासाठी वापरता येत नाही, एवढी गैरसोय मला चालण्यासारखी आहे. रंग वेगळ्या हेडरमध्ये नेले.

दुसरे हेडर अधिक खोडकर होते. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातील कमिटची (नोंदलेल्या बदलाची) खूण असलेले आवृत्तीचे हेडर एक स्क्रिप्ट प्रत्येक बिल्डला नव्याने लिहीत असे, मजकूर तोच असला तरी. आता स्क्रिप्ट आधी तात्पुरती फाइल लिहिते, ‘सीएमपी -एस’ने ती जुन्या फाइलीशी ताडून पाहते आणि फरक असेल तरच ती जुनीच्या जागी ठेवते. लिनक्स कर्नलच्या बिल्डमध्येही हीच रीत आहे. मात्र ते हेडर ‘.फोनी’ (प्रत्यक्ष फाइल नसलेले लक्ष्य) म्हणून जाहीर करू नये, अन्यथा मेक त्याला कायम नवे समजते आणि सगळा खटाटोप वाया जातो. मेकऐवजी निन्जा हे तशाच कामाचे साधन वापरणाऱ्यांनी संबंधित नियमात ‘रीस्टॅट = 1’ लिहावे.

कोणती फाइल कोणत्या हेडरवर अवलंबून आहे याची यादी हाताने लिहिणे मला मुळीच पटत नाही. जीसीसी या कंपाइलरला ‘-एमएमडी -एमपी’ हे पर्याय दिले की ती आपोआप तयार होते, आणि ‘-एमपी’मुळे एखादे हेडर काढून टाकले तरी बिल्ड अडत नाही. ऑब्जेक्ट फाइलींची (कंपाइल होऊन बनलेल्या फाइलींची) डिरेक्टरी मात्र मेकफाइलीतील (मेकच्या नियमांच्या फाइलीतील) अवलंबनांच्या यादीत उभ्या रेघेनंतर लिहिली आहे. आत नवी फाइल आली की डिरेक्टरीची वेळ बदलते. रेघेमुळे ती अस्तित्वात असणे एवढेच मेक पाहते.

उलट दिशेची चूक, म्हणजे गरज असूनही फाइल कंपाइल न होणे, अधिक घातक असते. कंपाइलरचे पर्याय बदलले तरी साध्या मेकफाइलीला त्याचा पत्ता लागत नाही, आणि जुन्या व नव्या पर्यायांच्या फाइली बिनतक्रार एकत्र लिंक होतात. म्हणून पर्यायांची ओळ एका फाइलीत, वरच्याच पद्धतीने फरक असेल तरच लिहून, प्रत्येक ऑब्जेक्ट फाइल तिच्यावर अवलंबून ठेवली.

सीकॅश, म्हणजे आधीच्या कंपाइलचे निकाल साठवून पुन्हा वापरणारे साधन, मुद्दाम लावलेले नाही, कारण ते अवलंबनातील घोळ झाकून टाकते. गिटमधील ब्रँच (कामाची वेगळी शाखा) बदलून परत आल्यावर मात्र, मजकूर तोच असूनही गिटमुळे फाइलींची वेळ नवी होते आणि तिथे मेकचा इलाज चालत नाही. तेवढ्यासाठी पुढच्या टप्प्यात सीकॅश लावणार आहे.