ब्रिटन: जोडीदार व्हिसावरून आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी) आणि नागरिकत्व

भारतातून जोडीदार व्हिसावर आलात, तर आयएलआरसाठीची पाच वर्षं ब्रिटनमध्ये उतरल्या दिवसापासून मोजायची, व्हिसावरच्या तारखेपासून नव्हे. आयएलआरचा अर्ज ती पूर्ण होण्याआधी फार तर 28 दिवस. घाई केली की नकार येतो आणि फीही बुडते, जी थोडीथोडकी नाही.

एकत्र राहिल्याचे सहाही पुरावे बँकेचेच नकोत. काउन्सिल टॅक्सचं (घरावरच्या स्थानिक कराचं) बिल, जीपीचं (फॅमिली डॉक्टरचं) पत्रही लावा.

जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल, तर आयएलआरनंतर नागरिकत्वाच्या अर्जासाठी वर्षभर थांबावं लागत नाही. मात्र हा अर्ज पोचेल त्याच्या तीन वर्षं आधी, त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही ब्रिटनमध्ये हवेत. तेव्हा पुण्यात कुणाच्या लग्नाला होतात? मग अर्ज पुढे ढकला. गैरहजेरी तीन वर्षांत 270, शेवटच्या वर्षात 90 दिवसांच्या आत ठेवा.