हजार एपिसोड काढलेला जेम्स बरोज

फ्रेंड्सचा पहिला एपिसोड कुणी डिरेक्ट केला असं विचारलं तर दहातले नऊ जण गप्प बसतील, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, कारण सिटकॉममध्ये, म्हणजे विनोदी सिरियलमध्ये, डिरेक्टरचं नाव कधी येतं आणि कधी जातं कळत पण नाही. अमेरिकेत सिनेमा डिरेक्टरचा आणि टीव्ही लेखकाचा, हे गणित पहिल्यापासून ठरलेलं. शोरनर म्हणतात तो बहुतेक वेळा लेखकच असतो, सगळ्या नाड्या त्याच्या हातात, आणि डिरेक्टर म्हणजे आठवडाभराचा पाहुणा, आला, एपिसोड काढला, चालला पुढच्या सेटवर. अशा धंद्यात जेम्स बरोज या माणसाने हजाराच्या वर एपिसोड काढलेत. २०१५ मध्ये हजारावा झाला तेव्हा एनबीसी चॅनलने त्याच्यासाठी दोन तासांचा खास कार्यक्रम ठेवला, तो फेब्रुवारी २०१६ मध्ये दाखवला. पाहुण्याचा असा सत्कार सहसा होत नाही.

आता यादीच बघा. टॅक्सीचे पंचाहत्तरच्या आसपास एपिसोड. चिअर्सचे बहुतेक सगळे. विल अँड ग्रेसचा तर एकूण एक, आधीची आठ वर्षं आणि मग २०१७ पासूनची पुन्हा सुरू झालेली पण. फ्रेजरचा पहिला, टू अँड अ हाफ मेनचा पहिला, बिग बँग थिअरीचा पहिला. बिग बँगचा तर दोनदा, कारण आधी काढलेला पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला एपिसोड, चॅनलला पटला नाही, मग पात्रं बदलून परत शूट केलं, आणि दोन्ही वेळा डिरेक्टर हाच. पन्नासच्या वर सिरियल अशा आहेत ज्यांचा श्रीगणेशा याने केला.

माणूस मुळात नाटकवाला, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. वडील एब बरोज, म्हणजे ब्रॉडवेवरचं मोठं नाव, गाइज अँड डॉल्सवाले, पुलित्झर मिळालेले. पोराने येलमधून नाटकाचं शिक्षण घेतलं आणि मग वडिलांच्याच एका म्युझिकलमध्ये पडेल ते काम करायला लागला. ते म्युझिकल म्हणजे १९६६ चं ब्रेकफास्ट अॅट टिफनीज, ब्रॉडवेच्या इतिहासातला एक गाजलेला बट्ट्याबोळ, लेखक बदलला, सगळं बदललं, आणि शेवटी प्रोड्युसरने रीतसर ओपनिंग व्हायच्या आधीच ते बंद करून टाकलं. पण त्यात हिरॉइन होती मेरी टायलर मूर. काही वर्षांनी टीव्हीवर तिची स्वतःची सिरियल गाजायला लागली, हा गडी तेव्हा छोट्यामोठ्या थिएटरमध्ये नाटकं बसवत होता, आणि तिची सिरियल बघताना याच्या डोक्यात आलं की अरे, हे लोक तर दर आठवड्याला एक छोटं नाटकच बसवतायत की, हे तर मला येतं. लिहिलं तिला पत्र. १९७४ मध्ये तिच्या कंपनीने बोलावून घेतलं, जे सँड्रिच नावाच्या तिथल्या मुरलेल्या डिरेक्टरच्या हाताखाली तो शिकला आणि मग सुटलाच.

मल्टीकॅमेरा सिटकॉम हा प्रकार खरंच नाटकाच्या जवळचा. पहिल्या दिवशी सगळे टेबलाभोवती बसून स्क्रिप्ट वाचतात, मग दोनतीन दिवस तालमी, रोज संध्याकाळी लेखकांपुढे रन-थ्रू, लेखक रात्री बसून न चाललेले जोक काढून टाकतात, दुसऱ्या दिवशी नटांच्या हातात नवी पानं, मग एक दिवस कॅमेऱ्यांसाठी, आणि शेवटी शूटच्या रात्री खरे दोनतीनशे प्रेक्षक समोर बसलेले. सीन पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग करायचा, सगळे कॅमेरे एकदम चालू. एखादा जोक आपटला तर लेखक तिथेच कोंडाळं करून नवी ओळ काढतात, नटाच्या कानात सांगतात, की लगेच पुढचा टेक. आय लव्ह लुसीपासून, म्हणजे १९५१ पासून, तीन कॅमेऱ्यांची पद्धत होती. टॅक्सीचा गराजचा सेट एवढा ऐसपैस होता की तीनमध्ये काम भागेना, म्हणून बरोजने चौथा कॅमेरा आणला, आणि पुढे चार हेच नॉर्मल होऊन बसलं.

आणि गंमत काय, एवढे चार कॅमेरे लावून हा माणूस मॉनिटरकडे बघतच नाही! कॅमेऱ्यांच्या मागे फ्लोअरवर येरझाऱ्या घालत असतो, मान खाली, आणि ऐकतो. सीन कानाला बरोबर लागला तर बरोबर, नाहीतर परत. चित्राचं काय ते कॅमेरावाल्यांबरोबर आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे शूटच्या वेळी याचं सगळं लक्ष लयीवर, कोण कुठे थांबलं, हशा पूर्ण ओसरायच्या आत पुढचं वाक्य आलं का. बाकीचे डिरेक्टर व्हिडिओ व्हिलेजमध्ये, म्हणजे मॉनिटर मांडलेल्या कोपऱ्यात, खुर्ची टाकून स्क्रीनला चिकटलेले असतात तिथे हे जरा येडपटच वाटत असेल, पण रिझल्ट समोर आहे.

त्याचं काम दिसायला हवं असेल तर फ्रेंड्सचा पायलट काढा, सप्टेंबर १९९४ चा. कॉफी हाउसमधला पहिलाच सीन. रॉस लटकलेलं तोंड घेऊन येतो, बायको सोडून गेलेली, मला परत लग्न झालेलं हवंय असं काहीतरी रडगाणं चालू असतं, आणि त्याच सेकंदाला दारातून नवरीच्या ड्रेसमध्ये, पावसात भिजलेली रेचेल आत. जोक लेखकांचा, मान्य. पण दार अर्धा सेकंद उशिरा उघडलं असतं तर तो जोक मेला असता. मग रॉस तिला मिठी मारायला उठतो आणि त्याच्या हातातली छत्री मध्येच फाटकन उघडते, मिठी राहते बाजूला, बिचारा परत जाऊन बसतो. एक शब्द नाही, आणि या दोघांचं पुढची दहा वर्षं काय होणार ते सगळं तिथे आहे. सहा माणसं एका सोफ्याच्या आजूबाजूला अशी बसवलीत की कुणाची पाठ येत नाही, कुणी कुणाला झाकत नाही, आणि तरी ती फोटोला बसल्यासारखी वाटत नाहीत. करून बघा म्हणावं.

याच पोरांना तो सिरियल टीव्हीवर यायच्या आधी कंपनीच्या विमानाने लास व्हेगासला घेऊन गेला होता, जेवायला बसवलं आणि सांगितलं की लोकांनी न ओळखता असं मोकळं फिरायची ही तुमची शेवटची वेळ. त्यांच्याकडे जुगाराला पैसे पण नव्हते, ते पण यानेच दिले. हा किस्सा त्या सगळ्यांनी मुलाखतींमध्ये इतक्यांदा सांगितलाय की पाठ झालाय.

पण मला विचाराल तर त्याचं बेस्ट काम चिअर्स, चिअर्स नावाच्या बारमध्ये घडणारी सिरियल. ग्लेन आणि लेस चार्ल्स या भावांबरोबर त्याने ती सिरियल उभीच केली, त्यामुळे इथे तो पाहुणा नाही, घरचा मालक. ३० सप्टेंबर १९८२ ला सुरू झाली आणि रेटिंगमध्ये पार तळाला, आजच्या काळात असती तर महिन्याभरात गुंडाळली असती. एनबीसीने चालू ठेवली (खरं सांगायचं तर तेव्हा त्यांच्याकडे लावायला दुसरं होतं तरी काय), पुढच्या वर्षी टीव्हीचे एमी पुरस्कार मिळाले, लोक यायला लागले, आणि १९९३ चा शेवटचा एपिसोड आठ कोटींच्या वर लोकांनी बघितला. पहिला सीझन तर अख्खा बारच्या आतच आहे, फार तर ऑफिस आणि पूल टेबलची खोली. बाहेर कोण काय करतं ते फक्त बोलण्यातून कळतं. एका खोलीत बावीस एपिसोड आणि कंटाळा येत नाही, कारण मधोमध ठेवलेला तो बारचा काउंटर. मालक सॅम आत, वेट्रेस डायन बाहेर ट्रे घेऊन, रोजचं गिऱ्हाईक नॉर्म कोपऱ्यातल्या स्टुलावर, दार मागे वर पायऱ्यांशी, म्हणजे येणारा प्रत्येक जण पायऱ्या उतरत एंट्री घेणार. भांडण असेल तर मध्ये लाकडाचा अडसर आहेच, आणि कुणी तो ओलांडून पलीकडे गेलं की आपोआप कळतं, आता प्रकरण तापलं.

त्या हशाबद्दल पण बोलून टाकतो, कारण मला राग येतो. यूट्यूबवर लोक सिटकॉममधलं हसणं काढून व्हिडिओ टाकतात आणि म्हणतात बघा, यात हसण्यासारखं काहीच नाही. अरे बाबा, नट थांबलेत ते समोरची माणसं हसतायत म्हणून! ते काढलंत की मध्ये भुताटकीसारखी शांतता उरणारच. हसणं एडिटिंगमध्ये कमीजास्त करतात, नाही असं नाही, पण मुळात ते खऱ्या प्रेक्षकांचं आहे आणि बरोजचा सगळा खेळ त्यावरच बेतलेला.

अर्थात सगळं सोनंच नव्हे. हजारात आज कुणाला नावही आठवत नाही अशा सिरियल ढिगाने आहेत. हजारावा एपिसोड ज्या क्राउडेडचा होता ती एका सीझनमध्ये बंद पडली. पायलट चकाचक निघतो आणि पुढे लेखकांकडे सांगायला काही नसतं, तिथे डिरेक्टर काय करणार. सिनेमाही त्याने एक केला, १९८२ चा पार्टनर्स, तो पडला, आणि मग त्या वाटेला गेला नाही. द ऑफिससारखी सिंगल कॅमेरावाली, बिनहशाची कॉमेडी आली तेव्हा तिथे याचं काही काम नव्हतं, त्याने ओढूनताणून तसं करायचा हट्टही धरला नाही, आणि ते बरंच झालं.

२०२५ च्या मार्चमध्ये मिड-सेंच्युरी मॉडर्न ही सिरियल आली, दहाच्या दहा एपिसोड याचे, वय वर्षं ८४. शूटिंग चालू असताना त्यातली नटी लिंडा लॅविन वारली, तिच्या पात्राचा मृत्यू सिरियलमध्येच घ्यावा लागला, आणि तो एपिसोडसुद्धा नेहमीसारखाच स्टुडिओत केला. पुढचा सीझन काही मिळाला नाही. कुणाला नुसता बरोज बघायचा असेल तर मी ती आधी नाही सांगणार, चिअर्सच्या पहिल्या सीझनपासून सुरू करा, आणि पहिले दोन एपिसोड जरा संथ वाटले तरी टाकून देऊ नका.